वसतिगृह नको, की वसतिगृहातली मुले नकोत?

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील दोन ज्येष्ठ गृहस्थ घरी आले. एक निवृत्त मुख्याध्यापक, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. दोघेही सज्जन, वसाहतीच्या प्रत्येक चांगल्या कामात पुढे असणारे. त्यांच्या हातात महापालिका आयुक्तांच्या नावे लिहिलेले एक निवेदन होते. जवळच्या एका महाविद्यालयाने वसाहतीला लागून असलेल्या आपल्या मोकळ्या जागेत दोनशे विद्यार्थ्यांचे वसतिगृह बांधायचे ठरवले आहे. त्यास परवानगी देऊ नये, अशी मागणी होती. खाली ऐंशी-नव्वद सह्या झालेल्या होत्या. "तुम्ही वर्तमानपत्रातले, तुमची सही खरे तर सर्वांत वर पाहिजे होती. करा की ओ सही," गुरुजी म्हणाले.

सही करण्यापूर्वी वाचण्याची खोड या व्यवसायाने लावलेली आहे. मी निवेदन वाचले. एकूण सात मुद्दे होते. पहिले चार पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरची वाहने आणि रात्रीचा गोंगाट यांविषयी. पाचवा असा, की बाहेरगावची आणि निरनिराळ्या थरांतील मुले येथे राहू लागल्यास वसाहतीचे सुसंस्कृत वातावरण बिघडेल. सहावा मुद्दा लेकीसुनांच्या सुरक्षिततेचा. सातवा घरांच्या किमती उतरण्याचा.

मी म्हणालो, "गुरुजी, पहिल्या चार मुद्द्यांवर आत्ता सही करतो. शेवटचे तीन तेवढे काढून टाका."

गुरुजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग निवेदनात राहिलेच काय?"

त्या एका वाक्यात गुरुजींनी नकळत सारे सांगून टाकले. पाणी, ड्रेनेज, वाहने ही पहिल्या पानावरची आरास होती. गाभाऱ्यात दुसरेच काही बसलेले होते. ते दोघे निवेदन घेऊन परत गेले. माझी सही झाली नाही. परंतु गुरुजींचा प्रश्न माझ्यापाशीच राहिला. निवेदनात राहते काय? माझे उत्तर असे, की पुष्कळ राहते. आणि जे राहते तेच खरे नागरिकाचे काम आहे.

तक्रार खरी आहे

प्रथम वसाहतीची बाजू मांडतो. कारण ती खोटी नाही. सोलापूरकराला पाण्याविषयी कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. उजनीसारखे विशाल धरण जिल्ह्यात असताना या शहराने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची तीन-तीन, चार-चार दिवस वाट पाहिली आहे. घरातील गृहिणीचा आठवडा वारांवर न चालता पाण्याच्या पाळीवर चालला आहे. अशा गावात दोनशे माणसांची नवी वस्ती शेजारी येते म्हटल्यावर छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे.

हिशेबच करून पाहू. नगरपाणीपुरवठ्याच्या मानकांत दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. दोनशे विद्यार्थ्यांना दिवसाला २७ हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. चार दिवसांआड पाणी येणार असेल, तर एक लाख आठ हजार लिटरची साठवण हवी. ही साठवण आराखड्यात नसेल, तर ते पाणी कोठून तरी ओढले जाणार. विंधन विहीर घेतली जाईल आणि शेजारच्या घरातील विंधन विहीर उन्हाळ्यात कोरडी पडेल. जेवढे पाणी आत जाते त्यातील बहुतांश बाहेरही पडते. ते वाहून नेणारी नलिका पन्नास-साठ घरांसाठी टाकलेली असेल, तर ती तुंबणारच. ही भीती काल्पनिक नव्हे. ती साधी अंकगणिताची गोष्ट आहे.

या अंकगणिताचे उत्तर महाविद्यालयाने द्यायला हवे होते. ते त्याने दिले नाही. आमच्या वसाहतीला या इमारतीची वार्ता आखणीसाठी फक्की मारणाऱ्या मजुरांकडून कळली. शेजारधर्म फक्त घरमालकांनीच पाळायचा असतो काय? ज्या संस्था व्यासपीठावरून समाजाभिमुखतेची भाषणे करतात, त्यांना कुंपणापलीकडच्या समाजाला एकदा बोलावून, चहा देऊन, नकाशा उलगडून दाखवावासा वाटू नये, याला अहंकारावाचून दुसरे नाव नाही. आपल्या संस्थाचालकांना इमारतीच्या उद्घाटनाची पत्रिका छापण्याची घाई असते. पायाभरणीपूर्वी शेजाऱ्याला विचारण्याची नसते. नागरिकांच्या संतापाचे अर्धे पाप या वृत्तीच्या माथी आहे.

तेव्हा पहिले चार मुद्दे मला शंभर टक्के मान्य. तथापि, प्रश्न पुढे आहे.

बाहेरचे म्हणजे कोण?

"बाहेरगावची मुले" हा शब्द सोलापुरात बसून लिहिताना हात थोडा तरी अडखळावयास हवा होता. हे शहर कोणी घडवले? १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या. त्यांच्या भोंग्यावर धावणारा कामगार आसपासच्या दुष्काळी खेड्यांतून आलेला होता. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि त्यांच्या मागांवर सोलापुरी चादर जगभर गेली. कानडी बोलणारी कुटुंबे, तेलुगू बोलणारी कुटुंबे, मराठी बोलणारी कुटुंबे एकाच चाळीत नांदली. आज वसाहतीत बंगला बांधून राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या आजोबांचा जन्म सोलापुरात झाला? कोणी अक्कलकोटचे, कोणी बार्शीचे, कोणी मंगळवेढ्याचे, कोणी सीमेपलीकडच्या विजापूर-कलबुर्गीकडचे. तीन पिढ्यांपूर्वी आलेल्याने तीन महिन्यांपूर्वी आलेल्याला बाहेरचा म्हणावे, एवढाच काय तो फरक.

आपल्या घरातली मुले आज कोठे आहेत, हेही एकदा मोजून पाहावे. निवेदनावर सही करणाऱ्या ऐंशी घरांपैकी निम्म्या घरांतील मूल पुण्यात, मुंबईत नाही तर बंगळुरूत शिकते आहे किंवा शिकून नोकरीला लागले आहे. पुण्याच्या पेठेत 'कॉट बेसिस'वर राहणारा आपला मुलगा तेथल्या वाड्याच्या मालकाच्या दृष्टीने बाहेरगावचाच असतो. त्याला तेथे कोणी हिडीसफिडीस केले, तर आपला जीव तिळतिळ तुटतो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला गेले. त्या वेळी मुंबईने, ही बाहेरची मुले नकोत, अशी भूमिका घेतली असती, तर १९३८ साली चीनच्या रणभूमीवर जखमींची सेवा करायला गेलेला हा सोलापूरचा सुपुत्र घडला असता काय?

शिवाय ही मुले येऊ नयेत असे म्हणून ती यायची थांबणार आहेत काय? ती केव्हाच आलेली आहेत. सोलापूर हे २००४ सालापासून स्वतःच्या विद्यापीठाचे शहर आहे. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. जिल्ह्यात अकरा तालुके. करमाळा येथून शंभर किलोमीटरहून दूर, माळशिरसही तसेच. तेथील मुलगी रोज एसटीने ये-जा करून शिकू शकत नाही. ती येथे राहणार, हे ठरलेलेच आहे. प्रश्न एवढाच, की ती कोठे राहणार.

त्याचे उत्तर आपल्याच वसाहतीत आहे. मागील बाजूस पत्रे टाकून काढलेल्या खोल्या, जिन्याखालची कोंदट जागा, गच्चीवर चढवलेला बेकायदा मजला. एका खोलीत पाच-सहा मुले, एकच शौचालय, डोक्यामागे महिन्याचे भाडे. ना देखरेख करणारा अधीक्षक, ना आगीपासून बचावाची सोय, ना भाडेपावती. ही मुले कोणाच्या घरात राहतात? स्पष्ट लिहितो, राग येणार असेल तर यावा. निवेदनावरील सह्यांमध्ये अशा खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्याही सह्या आहेत. त्यांच्या खोलीत राहून भाडे देतो तोवर विद्यार्थी सुसंस्कृत असतो. तोच वसतिगृहात राहायला गेला की वातावरण बिघडवतो! संस्कृतीचा हा कोणता मापदंड म्हणायचा? सातव्या मुद्द्यातील किमतीची चिंता आणि पाचव्या मुद्द्यातील संस्कृतीची चिंता यांचे गोत्र एकच आहे, हे येथे कळून येते.

मी स्वतः अशाच एका खोलीतून शिकलो. १९८८ साली तालुक्याच्या गावाहून पत्र्याची ट्रंक घेऊन सोलापूरला आलो. पाच घरांनी नाही म्हटले. सहाव्या घरातल्या वृद्ध काकूंनी एकच प्रश्न विचारला, "जेवलास का?" कला शाखेची पदवी त्या घराच्या माडीवर बसून मिळवली. आज हातात लेखणी आहे ती त्या प्रश्नामुळे. परंतु मला सहावे घर भेटले. प्रत्येकालाच ते भेटते असे नाही. समाजाने आपल्या मुलांचे भवितव्य सहाव्या घराच्या योगायोगावर सोडू नये, म्हणून तर वसतिगृहे असतात.

शंभर वर्षांपूर्वीचे सोलापूर

महाराष्ट्राचा गेल्या शतकाचा इतिहास एका अर्थाने वसतिगृहांचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह उभारले. त्या मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा मोडले. शाळा मुलाला अक्षर देते. वसतिगृह त्याला त्या अक्षरापर्यंत पोहोचू देते.

या इतिहासात सोलापूरचे पान फार मोठे आहे, आणि ते आपणच विसरलो आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले ते मुंबईत नव्हे, पुण्यात नव्हे, तर आपल्या सोलापुरात. तारीख ४ जानेवारी १९२५. विद्यार्थ्यांच्या भोजनाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. आणि सोलापूरच्या नगरपालिकेने या वसतिगृहाला ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या काळातील सोलापूर काही आजच्याहून पुढारलेले नव्हते. विहिरी वेगळ्या होत्या, देवळांची दारे बंद होती. तरीही याच नगराच्या पालिकेने गावकुसाबाहेरच्या मुलांच्या निवाऱ्यासाठी नगराच्या तिजोरीतून पैसा दिला. त्या मुलांनी येथे राहून 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले!

बाबासाहेबांना वसतिगृहाची तळमळ का होती, हे समजणे कठीण नाही. १९१७ साली विलायतेहून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्या नगरात त्यांना राहायला कोणी घर दिले नाही. ओळख लपवून एका धर्मशाळेत राहावे लागले. तेथूनही त्यांना हुसकावून लावले गेले. ज्ञान होते, पद होते, छप्पर नव्हते. हा प्रसंग आपण सामाजिक समरसतेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. सांगताना आपला कंठ दाटून येतो. मग त्याच आपण "निरनिराळ्या थरांतील मुले" असे शब्द असलेल्या कागदावर सही कशी करतो? निरनिराळे थर म्हणजे काय, हे गुरुजींना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. समरसता सभागृहात बोलायची आणि कुंपणाला लागून आली की आयुक्तांकडे निवेदन द्यायचे, हा दुटप्पीपणा आहे. त्या वसतिगृहाला २०२५ च्या जानेवारीत शंभर वर्षे झाली. शताब्दीचे आपण असे स्मरण करणार काय?

लेकीसुनांची सुरक्षितता

सहाव्या मुद्द्याविषयी गांभीर्याने लिहिले पाहिजे, कारण आई-वडिलांच्या काळजीची चेष्टा करता येत नाही. परंतु ही काळजी कोणाकोणाच्या लेकीची? जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोड येथील शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. संशयित होता तो त्याच वसतिगृहाचा सुरक्षारक्षक. धोका कुंपणाच्या आत होता. वसतिगृहे बांधू नयेत, असा या घटनेचा अर्थ नाही. नेमणुका पारखून झाल्या पाहिजेत, मुलींच्या वसतिगृहावर स्त्री अधीक्षक चोवीस तास हवी, हा तिचा अर्थ आहे.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची संपूर्ण सवलत दिली. चांगला निर्णय. सांगोल्याच्या शेतकऱ्याची मुलगी आता शुल्कावाचून अभियंता होऊ शकते. पण तिचा बाप पहिला प्रश्न शुल्काचा विचारतच नाही. तो विचारतो, "राहायचं कुठं?" या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आपल्या निवेदनातील सहाव्या मुद्द्याने आपल्या लेकीचे रक्षण किती होईल ते सांगता येत नाही. त्या मुलीचे शिक्षण मात्र हमखास थांबेल. ती कोणाचीच लेक नाही काय?

मग निवेदनात काय राहते?

आता गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर. "वसतिगृह नको" हे शब्द खोडून "वसतिगृह असे हवे" हे शब्द लिहिले, की निवेदनात खालील गोष्टी राहतात.

पहिली गोष्ट, नकाशा. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. विकास आराखड्यातील जागेचा वापर बदलायचा असेल, तर १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम ३७ नुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. वापर बदलत नसेल, तर शेजाऱ्याला विचारण्याची कायदेशीर सक्ती नसते. तेथे संघटित नागरिकांचा नैतिक दबावच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, पाणी. एक लाख लिटरहून अधिक क्षमतेची साठवण, पर्जन्यजल संधारण आणि सांडपाण्याची स्वतंत्र व्यवस्था पूर्ण झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

तिसरी, आग. महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते दर्शनी भागात लावावे. दिल्लीच्या राजेंद्रनगर भागात जुलै २०२४ मध्ये तळघरातील अभ्यासिकेत पुराचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. आपल्या शेजारी येणाऱ्या इमारतीच्या तळघरात काय असणार, हे विचारणे म्हणूनच आपले कर्तव्य ठरते.

चौथी, शिस्त. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनी वसतिगृहाला पूर्णवेळ अधीक्षक आवश्यक मानला आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक वसाहतीला हवा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक नको, हा नियम २००० सालापासून सर्वांनाच लागू आहे; आपल्या गल्लीतील मंडपालाही.

पाचवी, संयुक्त समिती. महाविद्यालयाचे दोन, वसाहतीचे दोन आणि विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी. महिन्यातून एक बैठक. गाऱ्हाणे पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी तेथे यावे.

एवढे झाले म्हणजे सारे सुरळीत होईल, असा माझा भाबडा समज नाही. एखादा मुलगा रात्री मोटारसायकल फिरवील, एखादा गच्चीवर गाणी लावील. तरुणांची वस्ती आली की थोडा उपद्रव येतो. परंतु ज्या वसाहतीत संध्याकाळी निम्म्या घरांत फक्त दोन म्हातारी माणसे दूरदर्शनसमोर बसलेली असतात, मुले परगावी आणि नातवंडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, त्या वसाहतीला दोनशे तरुण पावलांची धास्ती वाटावी की आधार? मध्यरात्री छातीत कळ आली तर उचलून रिक्षात घालायला कोण धावून येणार आहे?

आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर आठवावे. आषाढीला त्या लहानशा गावात लाखोंची दाटी होते. पाणी अपुरे पडते, रस्ते तुंबतात, चंद्रभागेच्या वाळवंटातील अस्वच्छतेचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तरी वारी बंद करा, असे कोणी पंढरपूरकर म्हणाला नाही. मागणी सोयींची झाली. येणारा बाहेरचा आहे, हे कारण तेथे कोणाच्या मनाला शिवत नाही. ज्ञानासाठी निघालेला विद्यार्थी हाही वारकरीच आहे. त्याची वारी तीन-चार वर्षांची, इतकेच.

परवा मी निवेदन नव्याने लिहून गुरुजींना नेऊन दिले. त्यात पाच मुद्दे आहेत आणि खाली माझी सही आहे. गुरुजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. आयुष्यभर त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्याच पाठीवरून हात फिरवला आहे. "ठेवून जा," एवढेच ते म्हणाले. सही त्यांनी अद्याप केलेली नाही. परंतु कागद परतही केलेला नाही.

आपल्याही वसाहतीत असा कागद येईल. आज नाही तर उद्या येईल, कारण शिकणाऱ्यांची संख्या वाढणार आहे आणि ती वाढावी हीच आपली इच्छा आहे. त्या वेळी लेखणी उचलण्यापूर्वी एकच करावे. त्यातील पाण्याचा, ड्रेनेजचा, वाहनांचा मुद्दा क्षणभर बाजूला काढून उरलेला कागद वाचावा. काही उरत नसेल तर खुशाल सही करावी. उरत असेल, तर जे उरते ते आपण आपल्या मुलांसमोर मोठ्याने वाचू शकतो का, हे पाहावे.